रामटेक : सिंहासन नसलेली टेकडी



माझें गांव कुही. नागपूरच्या आग्नेयेस, वैनगंगेच्या खोऱ्याकडे उतरत जाणाऱ्या सपाट मुलुखांत तें वसलें आहे. भाताच्या बांध्या आणि मिरचीचीं शेतें यांच्या या प्रदेशांत दृष्टि अडवील असा मोठा डोंगर नाहीं. तेव्हां डोंगरावरच्या एका नगराविषयीं बोलावयास हा सपाटीवरचा मनुष्य कां पुढें आला, अशी शंका आपल्या मनांत येणें स्वाभाविक आहे. तिचें उत्तर आमच्या भागांतील मातींतूनच निघालें आहे. कुही तालुक्यांत मांढळ नांवाचें एक गांव आहे. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत तेथें नागपूर विद्यापीठानें उत्खनन केलें आणि प्राचीन मंदिरांचे पाये व दगडी मूर्ती उजेडांत आणल्या. मांढळास वाकाटक राजांचे ताम्रपटहि मिळाले. त्यांतील एक ताम्रपट दुसऱ्या पृथिवीषेण राजानें आपल्या राज्याच्या २ ऱ्या वर्षीं दिलेला आहे. ही राजाज्ञा जेथून निघाली त्या स्थळाचें नांव तिच्यांतच नोंदलेलें आहे. तें नांव म्हणजे रामगिरि.

रामगिरि म्हणजे आपलें रामटेक. पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत एका टेकडीवरून निघालेला शब्द तांब्यावर कोरला जाऊन आमच्या सपाटीवर आला आणि सुमारें दीड हजार वर्षें जमिनीखालीं पडून राहिला. या टेकडीच्या आसपास राजधान्या होत्या. टेकडी मात्र कोणत्याहि काळीं मोठ्या राज्याची राजधानी झालेली आढळत नाहीं. मग राजाज्ञा तेथून कां निघावी? आणि ज्या राजधान्या होत्या त्या धुळीस मिळाल्या असतां ही सिंहासन नसलेली टेकडी आजवर गजबजलेली कां राहावी? आजच्या भाषणांत या प्रश्नाचा विचार करण्याचें योजिलें आहे.

दक्षिणेंतील डोंगरावरचें शहर म्हटलें कीं सामान्यतः आपल्या डोळ्यांपुढें निलगिरीवरील उटकमंड उभें राहतें. आपल्या महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर महाबळेश्वर किंवा माथेरान आठवतें. जुन्या मध्यप्रांतांतील मंडळींना पंचमढी आठवेल. हीं सारीं एकोणिसाव्या शतकांत इंग्रजी अमलांत वाढलीं. सपाटीवरचा उन्हाळा सोसेना म्हणून साहेब वर चढला. बंगले, क्लब, गिरिजाघर आणि बाजार त्याच्यामागून चढले. खालच्यांपासून दूर जाणें हा त्या शहरांचा मूळ हेतु होता. रामटेकची प्रकृति याच्या अगदीं उलट आहे. येथें थंड हवा खावयास कोणी येत नाहीं. नागपूरचें ऊन टेकडीवरहि चांगलेंच भाजतें. येथें वर चढणारा मनुष्य कांहीं तरी अर्पण करावयास चढतो आणि अर्पण करून खालीं उतरतो. गांव पायथ्याशीं आहे, देव माथ्यावर आहे, आणि दोहोंना जोडणाऱ्या पायऱ्या हाच या नगराचा खरा राजमार्ग होय.

नागपूरपासून सुमारें ४५ किलोमीटर ईशान्येस गेलें म्हणजे ही टेकडी दिसूं लागते. पूर्वेच्या बाजूस डोंगराच्या कुशींत अंबाळा तलाव, त्याच्या कांठीं घाट आणि लहान-मोठीं देवळें. तेथून पायऱ्या वर जातात. माथ्यावर तटबंदी आणि एकामागून एक दरवाजे. सर्वांत आंत लक्ष्मणाचें व रामाचें मंदिर. टेकडीचा दगड ठिकठिकाणीं तांबडा आहे, म्हणून तिला सिंदूरगिरि असेंहि जुनें नांव पडलें. हिरण्यकशिपूच्या रक्तानें हा दगड रंगला, असें भाविक सांगतात. रामटेक या नांवाची लोकांनीं सांगितलेली फोड मोठी मार्मिक आहे. अगस्त्य ऋषींच्या आश्रमांत श्रीरामानें राक्षसांच्या निर्दाळणाची प्रतिज्ञा केली. ती टेक म्हणून हें रामटेक. भाषाशास्त्रज्ञ टेक या शब्दाचें नातें टेकडीशीं लावतील. परंतु गांवानें आपल्या नांवांत उंचीपेक्षां वचन पाहावें, ही गोष्ट त्या गांवाचा स्वभाव सांगून जाते.

आतां इतिहासाकडे वळूं. रामटेकच्या दक्षिणेस सुमारें दोन कोसांवर नगरधन हें गांव आहे. आज तेथें भोसलेकालीन किल्ला उभा असलेला दिसतो. वाकाटकांची नंदिवर्धन ही राजधानी ती हीच, असें विद्वानांनीं ठरविलें आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस या राजधानींत उत्तरेकडील एक राजकन्या सून म्हणून आली. गुप्त सम्राट् दुसरा चंद्रगुप्त आणि नागकुलांतील कुबेरनागा यांची ती कन्या, प्रभावतीगुप्ता. तिचा पति दुसरा रुद्रसेन अल्पवयांतच वारला. मुलें लहान होतीं. तेव्हां राज्याचा भार या विधवेनें आपल्या शिरावर घेतला आणि निदान तेरा वर्षें तो वाहिला. कारण युवराज दिवाकरसेनाच्या नांवानें तिनें दिलेला १३ व्या वर्षाचा ताम्रपट उपलब्ध आहे. हा ताम्रपट पुण्यांत एका तांबटाच्या घरीं सांपडला आणि इ. स. १९१२ मध्यें प्रसिद्ध झाला. वाकाटकांचा कालनिर्णय करण्यास त्यामुळें भक्कम आधार मिळाला.

या ताम्रपटांत दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे त्यांत राणीनें आधीं आपल्या माहेरची, गुप्तांची, वंशावळ सांगितली आहे. सासरच्या राज्यावर हुकूम चालवितांनाहि आपण कोणाची लेक हें तिनें लपविलें नाहीं. दुसरी गोष्ट म्हणजे, हें दान प्रथम भगवंताच्या चरणीं निवेदन करून कार्तिक शुद्ध द्वादशीस दिलेलें आहे. पुढें तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन गादीवर आला. त्याच्या १९ व्या वर्षीं, वृद्धापकाळांत, तिनें आणखी एक दान दिलें. तो ताम्रपट अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपुरास मिळाला. त्यांत दान देण्याचें स्थळ म्हणून राजधानीचें नांव नाहीं. रामगिरिस्वामीच्या चरणांपासून हें शासन निघत आहे, असा उल्लेख आहे. म्हणजे नंदिवर्धनाच्या राजवाड्यांतून जिनें राज्य चालविलें, तिनें उतारवयांत आपला शब्द टेकडीवरच्या देवाच्या पायांशीं बसून काढला.

कार्तिक शुद्ध द्वादशीच्या उल्लेखाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतों. कारण आजहि रामटेकची मोठी यात्रा कार्तिकांतच भरते. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्रीं मंदिराच्या माथ्यावर त्रिपुर पाजळतो, आणि तो पाहण्यास दूरदूरच्या खेड्यांतून माणसें लोटतात. मधलीं सारीं शतकें ही यात्रा अखंड चालली होती, असें सिद्ध करण्यास साधन नाहीं. तथापि त्या राणीचा महिना आणि आमच्या खेडुतांचा महिना एकच आहे, ही गोष्ट मनास स्पर्श केल्यावांचून राहत नाहीं.

वाकाटकांच्या काळाचे साक्षी टेकडीवर आजहि उभे आहेत. रुद्रनरसिंह व केवलनरसिंह या नांवांचीं दोन मंदिरें पाहावयास सामान्य यात्रेकरू फारसे थांबत नाहींत. तीं आकारानें लहान, सपाट छपराचीं आणि शिखरावांचून आहेत. परंतु आंत गेलें म्हणजे तांबड्या दगडाची प्रचंड नरसिंहमूर्ति समोर येते आणि मनुष्य क्षणभर स्तब्ध होतो. हा नरसिंह दैत्याला फाडीत नाहीं. तो स्वस्थ बसला आहे, चक्र त्याच्या जवळ आहे. पराक्रम करून विसावलेलें सामर्थ्य दगडांत दाखविणें किती कठीण आहे, हें मूर्तिकारच जाणतील. याच टेकडीवर एकाच शिळेंतून घडविलेला मोठा वराह आहे आणि त्रिविक्रमाची एक भग्न मूर्ति आहे. अजिंठ्याची कीर्ति जगभर गेली. अजिंठ्याच्या उत्तम लेण्यांपैकीं कित्येक ज्या वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेच्या राजवटींत कोरलीं गेलीं, त्यांच्याच या थोरल्या शाखेची कला विदर्भाच्या अंगणांत असून आपल्यापैकीं कितीजणांस ठाऊक आहे?

केवलनरसिंह मंदिराची एक हकीकत तर फारच उद्बोधक आहे. पिढ्यान् पिढ्या या मंदिराच्या भिंतींस भाविकांनीं गिलावा दिला. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत दुरुस्तीच्या वेळीं तो निघाला, तेव्हां त्याखालीं एक मोठा संस्कृत शिलालेख असल्याचें आढळून आलें. लेख बराच झिजलेला आहे. परंतु जें वाचतां येतें त्यावरून त्याचा संबंध प्रभावतीगुप्तेच्या घराण्याशीं आहे आणि मातेच्या पुण्यस्मरणार्थ तिच्या कन्येनें केलेल्या धर्मकृत्यांची ती नोंद आहे, असा अर्थ अभ्यासकांनीं लाविला आहे. मंदिर वापरांत होतें, भाविक त्याची निगा राखीत होते, म्हणून भिंत टिकली. आणि त्या निगेनेंच लेख दृष्टीआड केला. भक्तीनें जपलें आणि भक्तीनेंच झांकलें, असा हा दुहेरी प्रकार आहे. रामटेकचा सारा इतिहास या एका भिंतींत सांठविलेला आहे, असें मला वाटतें.

प्रभावतीचा पुत्र प्रवरसेन यानें नंदिवर्धन सोडून प्रवरपुर ही नवी राजधानी वसविली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं ती वर्धेजवळचें पवनार येथें असल्याचें प्रतिपादिलें. पुढें रामटेकजवळच्याच मनसर येथें, ज्या टेकाडास लोक हिडिंबा टेकडी म्हणतात तेथें, इ. स. १९९७ पासून उत्खनन झालें आणि भव्य मंदिराचे अवशेष निघाले. तेव्हांपासून कांहीं विद्वान् प्रवरपुर मनसरच्या परिसरांत होतें, असें म्हणूं लागले आहेत. हा वाद विद्वानांवर सोंपवूं. आपल्या दृष्टीनें महत्त्वाचें हें कीं, राजधानी हलली, पण रामगिरि हलला नाहीं. पृथिवीषेण हा प्रवरसेनाचा नातू. त्याच्या वेळीं घराण्यावर मोठें संकट आलें होतें. बुडालेल्या वंशाचा आपण उद्धार केला, असें तो आपल्या ताम्रपटांत सांगतो. राज्याच्या २ ऱ्या वर्षीं या राजाचा मुक्काम कोठें होता? आपल्या आजोबांच्या मातेप्रमाणेंच तोहि रामगिरीवर होता. मांढळच्या ताम्रपटाचा खरा अर्थ हा आहे.

रामगिरि म्हटलें कीं मेघदूताचा उल्लेख अपरिहार्य आहे. शापित यक्षाचें निवासस्थान म्हणून कालिदासानें ज्या रामगिरीचें वर्णन केलें, त्याच्या उतारावर श्रीरामाच्या पावलांच्या खुणा असल्याचें तो म्हणतो. टीकाकार मल्लिनाथानें तो चित्रकूट मानला. दुसऱ्या कांहींनीं सरगुजांतील रामगढ पुढें केला. मेघदूताचें इंग्रजी भाषांतर इ. स. १८१३ मध्यें कलकत्त्यास प्रसिद्ध करणारे होरेस हेमन विल्सन यांनीं मात्र हा गिरि नागपूरजवळचें रामटेक असल्याचें सुचविलें, आणि पुढें मिराशींनीं तें मत ताम्रपटांच्या आधारें दृढ केलें. प्रभावतीच्या शासनांतील रामगिरिस्वामीचे चरण आणि काव्यांतील रघुपतीचीं पावलें यांचा मेळ सहज बसतो, एवढें कोणीहि मान्य करील. आषाढांत माथ्यावर उभें राहून काळ्या ढगांची रांग उत्तरेकडे, नर्मदेच्या दिशेनें, सरकतांना ज्यानें पाहिली असेल, त्याला या मताची बाजू घेण्याचा मोह आवरत नाहीं. परंतु मोह म्हणजे पुरावा नव्हे, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे.

वाकाटकांनंतर कित्येक शतकें टेकडीचा वृत्तांत अस्पष्ट आहे. तेराव्या शतकांत ती पुन्हां उजेडांत येते. देवगिरीच्या रामचंद्र यादवाच्या काळचा एक मोठा संस्कृत शिलालेख लक्ष्मणमंदिरांत आहे. त्यांत टेकडीच्या परिसरांतील तीर्थांची आणि देवतांची वर्णनें आलीं आहेत. म्हणजे त्या काळीं येथें पूर्ण विकसित असें क्षेत्र नांदत होतें. महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर यांचें चरित्रहि याच टेकडीशीं निगडित आहे. गुजराथेंतून ते रामयात्रेचें निमित्त करून निघाले, आणि ती यात्रा रामटेकची होती, असें लीळाचरित्र सांगतें. घरून रामदर्शनास निघालेला हा पुरुष वाटेंत ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंना भेटला, आणि मराठी भाषेला तिचें आद्य गद्य देणारा पंथ त्यांतून उभा राहिला.

याच यादवकालीन लेखांत एका अशा गोष्टीचा निर्देश आहे, कीं जी सांगतांना जीभ अडखळते. तपश्चर्या केली म्हणून शूद्र तपस्वी शंबूक याचा श्रीरामाच्या खड्गानें वध झाला, ही कथा आपणांस ठाऊक आहे. ती याच डोंगरावर घडली अशी स्थलपरंपरा आहे, आणि रामाच्या हातून मरण आल्यामुळें शंबूकास विष्णुपद मिळालें, असें लेखाचें म्हणणें आहे. लोककथा याच्याहि पुढें जाते. मरतांना शंबूकानें वर मागितला कीं रामानें येथेंच राहावें आणि रामाबरोबर आपलीहि पूजा व्हावी. टेकडीवरचें धूम्रेश्वराचें लिंग हें त्याचेंच रूप होय. या कथेनें अन्यायाचें समर्थन होत नाहीं, आणि आजच्या काळांत तें कोणी करूंहि नये. परंतु लोकांच्या सदसद्विवेकास तो वध पचला नाहीं, म्हणून त्यांनीं मारलेल्याला देव करून मारणाऱ्याच्या शेजारीं बसविलें, असा तिचा अर्थ मला दिसतो. रामटेकला जाणाऱ्यानें राममंदिराची पायरी चढतांना धूम्रेश्वरापाशींहि क्षणभर थांबावें. तेथें गिलाव्याखालीं झांकलेला दुसरा एक लेख आहे. तो वाचावयास डोळ्यांपेक्षां मन लागतें.

इ. स. १२९६ मध्यें देवगिरीवर अल्लाउद्दिनाची स्वारी झाली आणि पुढें यादवांचें राज्य लयास गेलें. कालांतरानें हा मुलूख देवगडच्या गोंड राजांकडे आला. त्यांच्यांतील बख्त बुलंदानें अठराव्या शतकाच्या आरंभीं नागपूर शहर वसविलें. त्यांच्यानंतर नागपूरकर भोसल्यांचा अंमल सुरू झाला. देवगडच्या मोहिमेंत यश मिळावें म्हणून पहिल्या रघूजी भोसल्यांनीं श्रीरामास नवस केला आणि तो फेडण्यासाठीं मंदिराचें वैभव वाढविलें, अशी परंपरा आहे. माथ्यावरची बाहेरील तटबंदी त्यांचीच मानली जाते. वराह दरवाजा, सिंहपूर दरवाजा, भैरव दरवाजा आणि गोकुळ दरवाजा अशा क्रमानें यात्रेकरू आंत जातो. किल्ल्यासारखें दिसणारें हें बांधकाम देवाच्या रक्षणासाठीं झालें. भोसल्यांचें सिंहासन नागपुरासच राहिलें. इ. स. १८५३ मध्यें तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षीं राज्य खालसा झालें. वाडे ओस पडले, फौजा मोडल्या. परंतु पुढच्या कार्तिकांत त्रिपुर पाजळण्यास कोणत्याहि रेसिडेंट साहेबाच्या परवान्याची गरज नव्हती.

इंग्रजी अमलांत रामटेक हें तहसिलीचें ठिकाण झालें. आगगाडीचा फांटा आला. मनसरच्या खाणींतून मँगनीज निघूं लागलें. पायथ्याच्या गांवांत बारी लोकांचे पानमळे होते आणि रामटेकचें पान नागपूरच्या बाजारांत नांवाजलेलें होतें. याच गांवांत शांतिनाथाचें जैन मंदिर आहे. तेथील तीर्थंकरांची उभी मूर्ति दोन पुरुष उंच आहे. पानमळेवाला, पुजारी, मूर्तीपुढें तांदूळ ठेवणारा जैन व्यापारी, खाणींतला मजूर, अंबाळ्याच्या कांठीं पितरांचें कृत्य करणारा खेडूत हें सारें मिळून रामटेक होतें व आहे. स्वातंत्र्योत्तर काळांत टेकडीवर कालिदासाचें स्मारक उभें राहिलें, आणि इ. स. १९९७ मध्यें कालिदासाच्याच नांवाचें संस्कृत विद्यापीठ रामटेकला स्थापन झालें. पुढें पंतप्रधानपदीं चढलेले पी. व्ही. नरसिंह राव इ. स. १९८४ व १९८९ या दोन्ही निवडणुकांत येथूनच लोकसभेवर निवडून गेले होते. अलीकडे नगरधनच्या उत्खननांत प्रभावतीगुप्तेच्या नांवाची आणि शंखाचें चिन्ह असलेली मातीची मुद्रा मिळाली. कोण्या पत्रास लाविलेलें तें मोहोर असावें. पत्र नाहींसें झालें, मोहोर उरली.

आतां आरंभीच्या प्रश्नाकडे येऊं. नंदिवर्धन, प्रवरपुर, देवगिरि, देवगड, भोसल्यांचा वाडा या साऱ्या सत्तास्थानांनीं लोकांपासून कांहीं तरी घेतलें. कर, वेठ, सैन्य, मानमरातब हीं घेण्याचीं स्थानें होतीं. घेणाऱ्याची शक्ति संपली कीं तेथें येण्याचें कोणास कारण उरत नाहीं. टेकडीवर मात्र जो तो देण्यासाठीं गेला. राणीनें भूमिदान दिलें, कन्येनें मातेचें स्मरण दिलें, शिल्पकारानें कला दिली, कवीनें काव्य दिलें, भोसल्यांनीं नवस फेडला, खेडुतानें तेलाची एक पणती दिली. म्हणून राज्य बदललें तरी टेकडीचा मालक बदलला नाहीं. देण्याच्या सवयीनें जें नगर उभें राहतें, तें लुटतां येतें, पण मोडतां येत नाहीं.

परंतु टिकून राहणें आणि ओळखलें जाणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवलनरसिंहाच्या भिंतीनें आपणांस तोच धडा दिला आहे. जुन्या पाषाणावर रंगाचा हात मारणें, मूर्तीस शेंदुरानें झांकणें, कोरीव खांबांस सिमेंट लावणें हें अजूनहि गांवोगांवीं निष्ठेनें चाललेलें असतें. त्या निष्ठेस माझा नमस्कार आहे. मात्र पुढचा हात मारण्यापूर्वीं खालीं काय लिहिलेलें आहे, हें एकदां पाहिलें पाहिजे. कोण जाणे, तेथें आपल्याच एखाद्या पूर्वजानें आपल्या आईचें नांव कोरलेलें असेल.

यंदाच्या कार्तिकांत आपण रामटेकला गेलांत, तर त्रिपुर अवश्य पाहा. पण दिवस मावळण्यापूर्वीं त्या दोन लहान मंदिरांत जाऊन स्वस्थ बसलेल्या नरसिंहाचेंहि दर्शन घ्या. आमच्या मांढळच्या शेतांत सांपडलेला तांब्याचा पत्रा जेथून निघाला, तो डोंगर आपल्या पायांखालीं असेल.